पुढचा डावा पाय

घोड्याने माझ्या नवऱ्याला लाथ मारली तेव्हा मी दहा पावलांवर भट्टीचा भाता ओढत होते. लाथ मला दिसली नाही. ऐकू आली. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा एक आवाज, आणि मग सगळं गप्प. घोडा शांत उभा होता. टांगेवाला लगाम धरून तसाच उभा होता. ते जमिनीवर बसले होते आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. कोपरापासून खालचा हात भलत्याच दिशेला गेला होता.

ते नालबंद होते. गांधीबागेच्या मागच्या अंगाला, जिथे कापडाच्या गोदामांची रांग संपते, तिथे आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे टिनाचं छप्पर. त्या छपराखाली स्टेशनवरचे आणि बाजारातले टांगे येऊन थांबायचे. सत्तर सालानंतरचे ते दिवस. शहरात टांगे अजून भरपूर होते, पण घोड्यांच्या पायांकडे बघायला कोणाला सवड नव्हती. नाल पडली, खिळा निघाला, घोडं लंगडायला लागलं, की मग यायचे. तोवर खूर आपल्या नखासारखं वाढून नालेच्या बाहेर आलेलं असायचं, तळव्यात खडा रुतून बसलेला असायचा, पावसाळ्यात तर तळव्याचा मधला मऊ भाग कुजून त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. असे पाय साफ करून, तासून, सरळ करून द्यायचे, हे त्यांचं रोजचं काम. नाल ठोकणं हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग, असं ते म्हणत.

प्लास्टर निघालं तेव्हा हात सरळ झाला होता, पण बोटं मिटत नव्हती. नस दुखावली आहे, वेळ लागेल, कदाचित येईल, कदाचित नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. महिनाभर त्यांनी डाव्या हाताने हातोडी चालवून पाहिली. खिळा तिरपा जायचा. खुराच्या जिवंत भागात खिळा गेला तर जनावर कायमचं अधू होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. एके दिवशी त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि टांगेवाल्याला म्हणाले, "दुसऱ्याकडं ने बाबा."

त्या दुपारी मी म्हटलं, "मले शिकवा."

त्यांनी आपल्या न मिटणाऱ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू आवाज आयकला होता ना वं?"

"आयकला."

"मंग तरी?"

घरात चार वर्षांची मुलगी होती, चूल होती, आणि मला दुसरं कोणतंही काम येत नव्हतं. हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

त्यांनी मला एका म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्यावर शिकवलं. त्यांचं कातडी ओटं, कामाच्या वेळी कमरेला बांधायचं, माझ्या घोट्यापर्यंत यायचं म्हणून मी ते खालून वीतभर कापलं आणि लुगड्यावर बांधलं. पहिला धडा असा, की घोड्याच्या अंगाला चिकटून राहायचं. "लांब राहशीन तर लाथ पुरी लागते. जोळ राहशीन तर नुसती ढकलते." हे डोक्याला पटायचं. अंगाला पटायचं नाही. अंग म्हणायचं, लांब हो, पळ. रोज सकाळी पहिल्या टांग्याची घंटी गल्लीत वाजली की मी उगाच भात्याशी जाऊन बसायचे. घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेतला की मला त्याच्या प्रत्येक स्नायूची हालचाल कळायची, आणि प्रत्येक हालचाल म्हणजे तोच तुराटीचा आवाज, असं वाटायचं. टांगेवाल्यांना हे दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती फक्त बाई. एक जण म्हणाला, "आता बाईच्या हातून नाल ठोकून घ्यायची का?" त्यावर हे म्हणाले, "हात तिचा आहे, डोळा माझा आहे. पसंत नसन तर ने." तो गेला नाही. दुसरा नालबंद लांब होता.

असं वर्ष गेलं. माझा हात बसला. भीती काही गेली नाही.

मग पौषात पारशिवनीकडची एक बाई आली. साठीच्या आसपासची, डोईवरून पदर, हातात कापडी पिशवी. छपराच्या कडेला उभी राहून तिने माझं काम शेवटपर्यंत पाहिलं. टांगा गेल्यावर बोलली. तिचे मालक घोडीवर बसून शेतं फिरायचे. ते दीड वर्षापूर्वी गेले. तेव्हापासून घोडी कोठ्यात होती.

"बाहेर काढलीच नाही?" यांनी विचारलं.

"नाही काढली. मीच म्हटलं होतं, राहू द्या. तिच्याकडं पाहणं माझ्याच्यानं होत नव्हतं," बाई म्हणाली. "भिंतीवरून चारा टाकत होतो, पाणी देत होतो. आता खुरं अशी वर वळली, मोजडीसारखी. चालणं होत नाही. तीन मानसं आत गेली. एकाची मांडी फोडली तिनं. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणे, आधी खुरं कापा, मंग औषधाचं पाहू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गावात म्हणून राहिले, मानसाले ती येऊ देत नाही, बाईले येऊ देईन. म्हणून आली मी तुझ्यापाशी, पोरी."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण हे मध्येच म्हणाले, "कोणता पाय टेकवत नाही?"

"पुढचा डावा."

त्यांनी मान हलवली. मला कळलं, हे जाणार. आणि हे गेले म्हणजे मीच गेले.

मुलीला शेजारी ठेवून आम्ही सकाळची बस धरली. कोराडीच्या वीजघरावरून जाताना राखेचा थर खिडकीच्या दांडीवर बसला होता, तो मी बोटाने पुसत राहिले. कोळशाच्या ट्रकमागे बस रेंगाळली की मला बरं वाटायचं. ट्रक निघून गेला की वाईट वाटायचं. पिशवीत कानस, सुरी, जंबूर आणि एक लहान करवत होती. करवत कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दीड वर्षाचं खूर जंबुरानं तुटत नाही."

कोठा मातीच्या भिंतींचा, एकाच दाराचा. आत शेण-मुताचा चिखल वीतभर. डोळे सरावल्यावर घोडी दिसली. तांबडी, हाडांची काठी राहिलेली, आणि चारी खुरं पुढून लांब होऊन वर वळलेली. तिला उभं राहायला तळवा नव्हताच. टाचांवर तोल सांभाळून ती उभी होती. तिने कान मागे दाबले आणि आमच्याकडे पाहिलं.

गावकऱ्यांचा अंदाज चुकीचा होता. मी बाई आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

दोर यांनी डाव्या हातात धरला आणि ते तिच्या डोक्यापाशी राहिले. मी खांद्याच्या बाजूने सरकत गेले, तिच्या अंगावर हात ठेवला. ती थरथरत होती. मी हात खाली, डाव्या पायाकडे नेला, आणि त्याच क्षणी ती पूर्ण अंगानिशी माझ्याकडे वळली. माझी पाठ भिंतीला लागली. तिचा खांदा माझ्या छातीवर आला. मग वजन आलं. भिंतीची माती माझ्या मानेत गळत होती आणि श्वास आत जात नव्हता. ओरडायला हवा लागते, ती माझ्याकडे नव्हती.

मला मुलगी आठवली नाही, देव आठवला नाही. एवढंच वाटलं, की आता माझ्या फासळ्यांचा आवाज मलाच ऐकू येईल.

"हलू नको," हे म्हणाले. आवाज अगदी खालचा, जेवायला वाढ म्हणावं तसा. "तिले ढकलू नको. तोंडाकडं पाहू नको. पायाकडं पाह्य."

मी पाहिलं. पुढच्या डाव्या पायाचं टोक चिखलाला जेमतेम लागलं होतं आणि तो पाय कापत होता. दुसऱ्या तीन पायांना तिचा भार पेलत नव्हता. ती माझ्यावर टेकली होती. भिंत म्हणून.

"बाई, तनस आणा," हे तसेच खालच्या आवाजात म्हणाले. "भरपूर आणा. धावू नका."

त्या बाईने स्वतः भाताच्या पेंढ्याचे, तनसाचे भारे दारातून ओढत आणले. लांब काठीने ते घोडीच्या पायांखाली सरकवले, एकावर एक. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मी ओठांतून थोडी थोडी हवा ओढत होते. मग घोडीने डावा पाय त्या मऊ ढिगावर ठेवून पाहिला, उचलला, पुन्हा ठेवला. वजन माझ्या छातीवरून हललं. मी भिंतीला घासत बाहेर निघाले आणि उकिरड्याजवळ जाऊन ओकले.

"मी परत आत जाणार नाही," मी म्हटलं.

"नको जाऊ," हे म्हणाले. रागाने नाही, समजूत घालायलाही नाही. त्यांनी हत्यारं पिशवीत भरली. परतीची बस दुपारनंतर होती. त्या बाईने भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. माझ्याने घास गिळवत नव्हता. छाती दुखत होती. मी ओसरीवर खांबाला टेकून बसले, कोठ्याकडे पाठ करून.

तेवढ्यात कोठ्यातून धप्प असा आवाज आला. आम्ही तिघंही उठलो. दारातून पाहिलं तर घोडी तनसावर आडवी झाली होती. एका कुशीवर, चारी पाय लांब करून, मान टाकून.

"मेली का?" बाईने विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "झोपली. चिखलात निजता येत नव्हतं तिले. किती दिवसांची झोप असन, देव जाणे."

बाई पदर तोंडाशी धरून तिथेच खाली बसली. मी मात्र घोडीच्या खुरांकडे बघत होते. चारी खुरं माझ्यासमोर होती, मोकळी, कोणताही भार नसलेली. उभ्या घोडीवर जे काम होणार नव्हतं, ते आता होऊ शकत होतं. ते यांनाही दिसलं होतं. त्यांनी बोलावं, मला आत जा म्हणावं, म्हणजे मला नाही म्हणता येईल, असं मला वाटत राहिलं. ते बोललेच नाहीत.

मी पिशवीतून करवत काढली.

"डोकं खाली असेपर्यंत घोडं उठत नाही," हे म्हणाले. "मी मानेवर बसतो." आणि मग, दारात पाय ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले भेव वाटून राहिलं."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. असं ते कधी बोलले नव्हते. मला धीर आला असं नाही. उलट पोटात अजून मोठा खड्डा पडला. पण आता आम्ही दोघंही त्याच खड्ड्यात होतो.

ते हळूच तिच्या मानेपाशी बसले, गुडघा मानेवर टेकवला आणि अधू हात तिच्या गालावर ठेवला. त्या हाताने धरता येत नव्हतं, नुसता ठेवता येत होता. घोडीने डोळा उघडला. मी मोजडीसारख्या वळलेल्या टोकाला करवत लावली. करकर असा आवाज झाला आणि तिचा कान माझ्याकडे वळला. मी थांबले. कान परत गेला. मी पुन्हा ओढली. शिंग कापताना येतो तसा जळकट वास आला. टोक तुटून तनसात पडलं. उजवा पाय झाला. तिच्या लांब टाकलेल्या पायांच्या मधोमध मी बसले होते. तिने एकदा जरी दचकून पाय झटकला असता तर माझं डोकं राहिलं नसतं. हे मला त्या पूर्ण वेळात एक क्षणभरही विसरता आलं नाही. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात उचलायची छाती होत नव्हती.

डाव्या पायाचं टोक कापल्यावर मी तळव्यावर तळहात ठेवला. तो तव्यासारखा तापला होता.

"जंबुरानं दाब," हे म्हणाले. "हळू. टोकाकडून."

एका जागी दाबल्याबरोबर तिचं सगळं अंग ताणलं गेलं. तिथेच मी सुरीच्या टोकाने तासत गेले. पापुद्र्यामागून पापुद्रा. मग एक काळी चीर दिसली, आणि त्या चिरीतून काळं, पातळ, भयंकर घाण वासाचं पाणी माझ्या मनगटावर उडालं. घोडी कण्हली. तिने पाय झटकला. खूर माझ्या कानाजवळून गेलं, वारा लागला. मी मागे पडले. हे ओरडले नाहीत. मानेवर वाकून ते तिच्याशी काहीतरी बोलत होते, काय ते मला ऐकू आलं नाही. मग ती शांत झाली. पू वाहत राहिला. तिने एवढा मोठा श्वास सोडला, की तनसाच्या काड्या उडाल्या.

मी कोमट मीठपाण्याने आणि लाल औषधाने ते धुतलं, कापूस भरला, वर पोत्याचा तुकडा बांधला. मागचे पाय त्या दिवशी राहिले. दोन्हीकडून अंगातला जोर संपला होता, तिच्याही आणि आमच्याही.

पुढच्या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी आम्ही जात होतो. एकदम सगळं कापता येत नाही. आतल्या हाडाला आणि शिरांना त्या वाकड्या खुराची सवय झालेली असते, म्हणून थोडं थोडं घ्यावं लागतं. मधल्या दिवसांत ती बाई स्वतः जवसाचं गरम पोटीस त्या पायाला बांधायची. पहिल्यांदा तिने काठीला फडकं लावून बांधायचा प्रयत्न केला, असं तिनेच सांगितलं. मग हळूहळू हाताने. दर वेळी बसमध्ये मी खिडकीची दांडी पुसत बसायचे. दर वेळी मी कोठ्याच्या दारात थांबायचे आणि हे मला घाई करायचे नाहीत. चौथ्या खेपेला घोडी उभी असताना मी तिचा पाय उचलला. तिने दिला. मी तरीही घाबरलेलीच होते, आणि मला वाटतं, तिला ते कळत होतं.

सहाव्या खेपेला खुरं बऱ्यापैकी जमिनीला टेकत होती. डाव्या पायाचं टोक थोडं बाहेर वळलेलं राहिलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. हे म्हणाले, "आता बाहेर चालू द्या तिले. चालल्याशिवाय खूर घट्ट होत नाही."

चैत्र लागला होता. बाईने कोठ्याचं दार पूर्ण उघडलं. मी दोर धरून बाहेर उभी राहिले. घोडी उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. बाहेरच्या उजेडाने तिने डोळे मिटले, उघडले. नाकपुड्या फुलल्या. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. तिचं अंग पहिल्या दिवसासारखं थरथरायला लागलं. दीड वर्षाहून जास्त काळ तिने आभाळ पाहिलं नव्हतं. बाई म्हणाली, "ओढ ना तिले."

"नाही ओढायचं," मी म्हटलं.

दोर सैल सोडून मी तिथेच खाली बसले. ऊन चढत गेलं. हे भिंतीच्या सावलीत बसून बोटं उघडमीट करायचा सराव करत होते. एव्हाना त्यांची दोन बोटं मिटू लागली होती. दुपारची बस गेली, तरी मी उठले नाही. घाबरलेल्याला ओढून नेलं की काय होतं, ते मला कोणी सांगायला नको होतं.

ती आली तेव्हा एकदम आली नाही. पुढचा उजवा, मग बऱ्याच वेळाने पुढचा डावा, मग मागचे दोन्ही घाईघाईने, जणू कोणी मागून ढकललं. अंगणात आली आणि थबकली. मग लंगडत पण आपल्या मनाने चालत कुंपणाजवळच्या मोहाच्या झाडाखाली गेली. सकाळची फुलं अजून वेचायची राहिली होती. तिने मान खाली घातली आणि ती खायला सुरुवात केली.

"अवं, ती वाळवायची होती," बाई म्हणाली. पण घोडीला हाकलायला ती जागची हलली नाही. मग खाली बसून तिने स्वतःच मूठभर फुलं वेचली, हात लांब केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. घोडीने तिच्या तळहातावरची फुलं खाल्ली. बाईचे खांदे वर चढले होते, कानापर्यंत, लहान मुलीसारखे. तरी तिने हात मागे घेतला नाही.

ती घोडी पुढे बरीच वर्षं जगली. तिच्यावर कोणी बसलं नाही. मी वर्षातून तीन-चारदा जाऊन तिची खुरं तासून यायचे, आधी यांच्यासोबत, नंतर एकटी. ऑटोरिक्षा वाढल्या, टांगे कमी झाले, आणि आमचं छप्पर रिकामं पडायला लागलं, तोवर मी हे काम केलं. त्या सगळ्या वर्षांत मला दोनदा लाथ बसली, दोन्हीदा ढकलल्यासारखी, कारण मी जवळ होते.